सगळ्यांनी मिळून पोरांसाठी एक पुस्तक काढायचं, पैसे चष्म्यांना. कोण कोण येतंय?

पार्कचौक:
मंडळी, परवा कट्ट्यावर जे बोलणं झालं ते इथं टाकतोय, कारण निम्मे सोलापूरकर पुण्यात नि बंगळुरात जाऊन बसलेत आणि त्यांनाही हात लावायचाय म्हणतात. विषय असा की आपण सगळ्यांनी मिळून लहान मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक करायचं, छापायचं, संक्रांतीच्या गड्डा यात्रेत नि इकडंतिकडं विकायचं आणि खर्च वजा जाता उरेल ते सगळं शहराच्या पूर्वभागातल्या शाळांमधल्या पोरांच्या चष्म्यांना द्यायचं. आई बिड्या वळते, बाप लूमवर, पोराला फळ्यावरचं दिसत नाही हे घरात कुणाच्या ध्यानातच येत नाही. पोरगं शेजारच्याच्या वहीत बघून लिहितं आणि मास्तर म्हणतात कॉपी करतंय. शाळांमध्ये जाऊन डोळे तपासणारा एक नोंदणीकृत ट्रस्ट आहे, त्यांच्याशी बोललोय, तपासणी ते करतातच, फ्रेम आणि काचांना पैसा कमी पडतो.

गोष्ट कशी लिहायची ते अजून ठरलं नाही. मला वाटतं साखळी करू, पहिलं पान एकानं, पुढचं दुसऱ्यानं. बोला.

कडकभाकरी:
मी आलो. शेंगाचटणीवर एक पान पाहिजे, नाहीतर मी नाही.

हिंजवडीत_अडकलेला:
+१, चित्रं येत नाहीत पण पैशाचा हिशोब, फाईली, टायपिंग काहीही द्या. एक शंका, सरकारी तपासणी असते की शाळेत, आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) गाडी येते ना? मग चष्म्याचं काय अडतं?

ताई_पूर्वभाग:
येते ना गाडी, आमच्या शाळेतही येते आणि ती बरीच पोरं शोधून देते, त्याबद्दल तक्रार नाही. पण वाढत्या वयात नंबर बदलत राहतो, फ्रेम मोडते, हरवते, धाकटा भाऊ त्यावर बसतो. दुसरा चष्मा कोण देणार? आणि खरं दुखणं वेगळंच आहे, चष्मा मिळाला तरी पोरं तो दप्तरात ठेवतात, कारण वर्गात ढापण्या म्हणून चिडवतात. मुलींचं तर अजून अवघड, आई म्हणते आत्तापासून चष्मा लागला हे बाहेर कळू देऊ नको. तेव्हा पुस्तक विकून पैसे येतील ते येतील, पण पुस्तकातच चष्मा असा आला पाहिजे की पोराला तो लावावासा वाटेल. नुसतं ‘पैसे चांगल्या कामाला जातात’ म्हणून कुणाच्यातरी गळ्यात भिकार पुस्तक मारायचं असेल तर मी त्यात नाही, सॉरी. लोक एकदा दयेनं घेतात, पोरं दयेनं वाचत नाहीत.

आणि साखळी नको हो. साखळीत प्रत्येकाला आपल्या पानावर धमाका उडवायचा असतो. एक जण राक्षस आणतो, दुसरा त्याला मारतो, तिसरा म्हणतो ते स्वप्न होतं. लिहिणाऱ्यांना मजा येते, वाचणाऱ्याला काही कळत नाही.

पार्कचौक:
ताई मुद्दा पटला. पण मग ‘सगळ्यांनी मिळून’ कसं होणार?

कुंचला:
मी चित्रं काढते, एकदोन बालपुस्तकांसाठी काढलीयेत. माझं मत असं की गोष्टीची हाडं सगळ्यांनी मिळून ठरवा, लिहायला एकच माणूस बसवा, आणि लिहून झालं की परत सगळ्यांनी मिळून कापा. पाच ते आठ वर्षांच्या पोरांसाठी सात-आठशे शब्द म्हणजे डोक्यावरून पाणी, एका पानावर तीनचार ओळी. दहा लेखकांचा तेवढ्यात कोंबाकोंबीचा कार्यक्रम होईल. चित्रंही एकाच हातची पाहिजेत, नाहीतर नायक दर पानावर वेगळाच दिसतो. पोरांची चित्रं घ्यायची असतील तर आतल्या कव्हरवर घेऊ, तिथं भरपूर जागा आहे.

माळरान:
नायक कोण हे ठरायच्या आधी माझा अर्ज घ्या :) माळढोक पक्षी. नान्नजचं अभयारण्य १९७९ पासून आहे, सोलापुरातून एसटीनं पोचता येतं आणि तरी इथल्या पोरांनी त्याला फक्त पाटीवर बघितलंय. आता नान्नजला तो दिसणं म्हणजे लॉटरीच, हाताच्या बोटांवर मोजायचीसुद्धा वेळ येत नाही. अख्ख्या देशात दीडशेपेक्षा कमी उरलेत म्हणतात. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो, डोक्यावर काळी टोपी, आणि पावसाळ्यात मादीला बोलवायला गळ्याची पिशवी फुगवून असा घुमतो की लांबवर ऐकू जातं. हूम म्हणतात त्याला त्यावरूनच. मादी जमिनीवर, उघड्यावर, बहुतेक वेळा एकच अंडं घालते. पोरांना सांगायला एवढं पुष्कळ झालं.

आणि आता ऐका, तुमच्या विषयाशी याचा थेट संबंध आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, बाजूचं त्याला उत्तम दिसतं पण नाकासमोरचं फार कमी. अंगानं जड, उडताना मान खाली घालून जमीन बघत जातो, समोर विजेची तार आली तर दिसत नाही, दिसली तरी एवढं वजन पटकन वळवता येत नाही. मोठ्या लाईनींवर आपटून मरणं हे आज त्याच्या संपण्याचं एक मोठं कारण आहे. सुप्रीम कोर्टापर्यंत गेलंय ते प्रकरण, राजस्थान गुजरातच्या तारांसाठी.

कडकभाकरी:
मग चष्मा लावा की बे त्याला!!!

ताई_पूर्वभाग:
मी हेच टायपत होते.

माळरान:
नका ना असं करू. चष्म्यानं त्याचं काही होणार नाही, नंबरचा प्रश्न नाही तो, डोळ्यांची जागाच तशी आहे.

कुंचला:
अहो पण चष्मा घातलेला माळढोक मी आत्ताच कागदावर काढलाय आणि तो इतका भारी दिसतोय की काय सांगू. काळी टोपी, त्याखाली गोल चष्मा. रिटायर्ड हेडमास्तरच.

माळरान:
दिसणारच भारी. पण पोरं खरं समजतात हो. मी शाळांना माळावर फिरवतो, कुठल्यातरी गोष्टीत वाचलेलं चुकीचं काहीतरी घेऊन येतात आणि ते काढता काढता नाकी नऊ येतात.

ताई_पूर्वभाग:
असं करू या का. गोष्टीत एक पोरगी आहे, तिला लांबचं दिसत नाही. तिला चष्मा मिळतो, चिडवतील म्हणून ती तो लावत नाही. मग शाळेची सहल नान्नजला जाते आणि तिथं सगळ्यांना लांब गवतात काहीतरी हलताना दिसतं, तिला नाही. चोरून चष्मा लावते तेव्हा तिला दिसतो तो. आणि सगळ्यांच्या आधी तिलाच दिसतं की तो तारेकडं चाललाय. पक्ष्याला चष्मा देऊन उपयोग नाही, मग त्याला तार कशी दिसणार? तर तारच दिसेल अशी केली पाहिजे. चष्मा पोरीला, खुणा तारेला.

माळरान:
ताई, पाया पडतो. आणि हे खरंच करतात, तारांवर ठरावीक अंतरानं चकत्या लटकवतात, वाऱ्यानं फिरतात, चमकतात, बर्ड डायव्हर्टर म्हणतात त्यांना.

कडकभाकरी:
चकत्या कशाला, चादरीच्या कारखान्यातल्या चिंध्या बांधू. लाल, पिवळ्या, हिरव्या. सोलापूर पण आलं त्यात. पोरं मिळून खांबावर चढतात आणि

ताई_पूर्वभाग:
थांबा. कुठलंही पोरगं खांबावर चढणार नाही. चित्रातसुद्धा नाही. संक्रांतीला तारेत अडकलेल्या पतंगामागं चढणारी पोरं बघितलीत का कधी? पुस्तकात हिरोईन चढली की झालं कल्याण.

पार्कचौक:
बरोबर. पोरं अर्ज लिहितात आणि वायरमनकाका येऊन चकत्या लावतात असं केलं तर? अर्ज लिहिणं ही पण एक मजाच आहे, शुद्धलेखन चुकलेला अर्ज चित्रात दाखवता येईल.

कडकभाकरी:
अर्जावर साहेब तीन वेळा ‘पुन्हा सादर करा’ लिहितो, हे पण घ्या. सत्यकथा वाटंल.

हिंजवडीत_अडकलेला:
हाहाहा. मग चिंध्यांचं काय?

कुंचला:
चिंध्या मी सोडत नाही. पोरगी चष्म्याला दोरी म्हणून चादरीच्या रंगीत काठाची पट्टी लावते, मग वर्गात सगळ्यांनाच तशी दोरी पाहिजे. चिडवणं तिथंच संपतं, भाषण ठोकायची गरज नाही.

खिळे_ते_ऑफसेट:
नमस्कार, उशिरा आलो. साखर पेठेत आमचं छपाईचं काम, वडील खिळे जुळवायचे, आता ऑफसेट. गोष्ट तुमची तुम्ही बघा, पण छपाईचं आत्ताच सांगून ठेवतो, नंतर रडारड नको.

पानं चारच्या पटीत, सेंटर पिन मारायची असेल तर. तुमच्यासाठी २४ पानं आणि वरून कव्हर, १६ आणि ८ चा फॉर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापायची पानं) बसतो. चौकोनी पुस्तक गोड दिसतं हे मान्य, पण कागदाची पट्टी कापून रद्दीत जाते आणि पैसे तुम्ही भरता, म्हणून चित्रं सुरू करायच्या आधी साईज मला विचारा. आतला कागद १२० ते १३० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम), कव्हर २५० च्या पुढं, त्यावर मॅट लॅमिनेशन, पोरांच्या हातात टिकतं. चित्र ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके), चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्तीचं, नाहीतर कटिंगला कडेनं पांढरी रेघ दिसते. आणि मोबाईलवर दिसतो तो पोपटी रंग कागदावर तसा उतरत नाही, मळकट होतो, सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, बघूनच रंग फायनल करा.

कॉपी किती ते पण ठरवा. पाचशेच्या खाली डिजिटल परवडतं. वर गेलात की ऑफसेट, कारण प्लेटी नि मशीन लावायचा खर्च शंभर काढा की दोन हजार काढा तेवढाच.

आता मुख्य सांगायचं ते. अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. रंगीत अक्षर नको, गडद चित्रावर पांढरं अक्षर नको. का? छपाईला चार प्लेटी, निळी, मॅजेंटा, पिवळी, काळी. अक्षरं फक्त काळ्या प्लेटवर असली तर मराठी छापून झाली की मशीन थांबवून एकटी काळी प्लेट बदलायची आणि तेच पुस्तक तेलुगूत निघतं. परत बदला, कन्नडमध्ये निघतं. बाकी तीन प्लेटींना हात लावायचा नाही. आपल्या गावात हे केलं नाही तर कुठं करणार?

ताई_पूर्वभाग:
अहो हे तर कमालच आहे! आमच्या भागात पोरं घरी तेलुगू बोलतात, शाळेत मराठी. महापालिकेच्या शाळा तर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळ्या माध्यमांच्या आहेत. आजीला तेलुगूत वाचून दाखवणारं पोरगं डोळ्यांपुढं आलं. उर्दूचं जमेल का?

खिळे_ते_ऑफसेट:
उर्दूला नुसती प्लेट बदलून भागत नाही. पुस्तक उजवीकडून उघडतं, पानांचा क्रम उलटा, चित्रात पोरगी डावीकडून उजवीकडं चालत असेल तर ती गोष्टीच्या उलट दिशेनं चालल्यासारखी दिसते. चित्रं उलटी करायची म्हटलं तर चित्रातल्या पाट्यांवरची अक्षरं उलटी होतात. स्वतंत्र जुळणी करावी लागेल. होईल, पण दुसऱ्या खेपेला.

कुंचला:
मग मी चित्रांत पाट्याच काढत नाही. एसटीची पाटी, शाळेची पाटी, सगळं कोरं. तो अर्जसुद्धा लांबून दाखवते, अक्षरं वाचता येणार नाहीत. (पार्कचौक, तुमचं शुद्धलेखन गेलं.)

पार्कचौक:
जाऊ दे, तीन भाषांसाठी एवढा त्याग करतो. भाषेवरून आठवलं, पात्रं बोलणार कशी? मला वाटतं पोरं आपल्यासारखीच बोलावीत, ‘काय करलालीस गं’ वगैरे.

हिंजवडीत_अडकलेला:
वाचूनच घरची आठवण आली. पण पुण्या-नाशकातली पोरं अडखळतील का?

ताई_पूर्वभाग:
संवादात ठेवा, कथनात नको. चित्र बघून पोरांना कळतं बरोबर. जोडाक्षरं कमी ठेवा तेवढं, पहिली-दुसरीचं पोरगं त्यावर जास्त अडखळतं.

ताळेबंद:
जुळे सोलापूरहून. मी सीए आहे, त्यामुळं आता जरा रुक्ष बोलतो. पैसे कुणाच्याही पर्सनल जीपेवर घेऊ नका. माणूस कितीही सज्जन असो. स्टॉलवर ट्रस्टच्या खात्याचाच क्यूआर लावा, छपाईचं बिल ट्रस्टच्या नावानं घ्या, मग हिशोब एकाच ठिकाणी राहतो आणि सहा महिन्यांनी कुणी कुणाकडं संशयानं बघत नाही. मैत्री टिकवायची असेल तर हे गोष्ट लिहायच्या आधी कागदावर आणा. ट्रस्टशी एक पत्र, त्यात कोण काय देणार, उरलेल्या प्रतींचं काय, हिशोब कधी जाहीर करणार.

दुसरं, ‘टॅक्समध्ये सूट मिळेल’ असं स्टॉलवर ओरडू नका. पुस्तकाची किंमत ही किंमत असते, देणगी नव्हे, तिच्यावर वजावट नाही. कुणाला वरून द्यायचं असेल तर वेगळी पावती. तीही दोन हजारांच्या वर रोख घेतली तर देणाऱ्याला उपयोग नाही, आणि नव्या टॅक्स रिजीममधल्याला तर ती सूट नाहीच. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, पोरांच्या चित्रांच्या पुस्तकालाही, तेवढी चिंता नको.

आणि किंमत ठरवताना दुकानाचं कमिशन विसरू नका. समजा प्रत ४५ ला पडली, किंमत १२० ठेवली. दुकानदारानं ३५ टक्के घेतलं तर ४२ गेले, तुमच्या हातात ३३ राहतात. तीच प्रत तुम्ही स्वतः गड्ड्यात विकली तर ७५. म्हणजे जमेल तेवढी हातानं विका.

कडकभाकरी:
गड्ड्याचा स्टॉल माझ्याकडं. पाळण्यात बसायच्या आधी आईबापाच्या खिशात पैसे असतात, उतरल्यावर नसतात. जागा पाळण्याच्या अलीकडं बघतो.

कलम१९:
आयडी बघून कळलं असेल, वकील आहे. मंडळी, हक्कांचं एक पान लिहून घ्या, सगळ्यांच्या सह्यांनी. एकत्र लिहिलेली गोष्ट, ज्यात कुणाचा कुठला भाग हे वेगळं काढता येत नाही, ती कायद्यानं संयुक्त लेखकांची कृती होते. म्हणजे उद्या दुसरी आवृत्ती काढायची तर प्रत्येकाला विचारा. त्यातला एक अमेरिकेत, एक रुसलेला. म्हणून हक्क ट्रस्टला लेखी द्या आणि मुदत स्पष्ट लिहा, कारण कॉपीराईट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांचीच धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच. चित्रकारानं वेगळं लिहून द्यायचं. शाळेतल्या पोरांची चित्रं घेणार असाल तर हक्क त्या पोराचा असतो, पालकांची सही घ्या आणि पोराचं पूर्ण नाव, शाळा, फोटो असं सगळं एकत्र छापू नका. चष्मा मिळालेल्या पोरांचे फोटो तर अजिबात नकोत.

ताई_पूर्वभाग:
शेवटच्या वाक्याला माझ्याकडून दहा वेळा अनुमोदन.

हिंजवडीत_अडकलेला:
आयएसबीएनचं (पुस्तकाचा ओळख नंबर) मी बघितलं. राजा राममोहन रॉय एजन्सी देते, दिल्लीहून, ऑनलाईन अर्ज, फी काहीच नाही, फक्त वेळ लागतो म्हणून आत्ताच टाकायला पाहिजे, आणि तेलुगू कन्नडला वेगवेगळे नंबर. शिवाय १९५४ चा कायदा आहे, छापल्यावर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची. ते पार्सल माझ्याकडं द्या. एक सुचवू का, पुस्तक स्टोरीवीव्हर या साइटवर पण टाकू, तिथं फुकट वाचता येतं आणि लोक इतर भाषांत भाषांतर करतात.

ताळेबंद:
मग विकत कोण घेणार?

कलम१९:
आणि तिथलं लायसन्स सीसी-बाय असतं, नाव दिलं की कुणीही छापून विकू शकतो. चूक नाही त्यात काही, पण माहीत असू द्या.

पार्कचौक:
पहिली आवृत्ती संपली की टाकू. संपेपर्यंत नको. यावर मत घेत नाही, ठरवून टाकतो, कुणीतरी ठरवायला पाहिजे.

तर लिहायला ताई. हाडं ठरलीच आहेत, ताई लिहितील, आपण कापायचं, पण शेवटचा शब्द ताईंचा, ‘माझी ओळ का काढली’ यावर धागा काढायचा नाही. पक्ष्याबद्दलच्या प्रत्येक वाक्यावर माळरानचा व्हेटो. कव्हरवर कुणाचंच नाव नको, आत शेवटच्या पानावर सगळ्यांची अकारविल्हे.

कडकभाकरी:
म्हणजे मी माळरानच्या आधी. चालतंय.

खिळे_ते_ऑफसेट:
दिवाळीपर्यंत आमच्याकडं दिवाळी अंक, मग कॅलेंडरं, मग लग्नपत्रिका. गड्ड्यासाठी पाहिजे असेल तर नोव्हेंबरच्या मध्यात तिन्ही भाषांची पीडीएफ माझ्या टेबलावर. मजकूर युनिकोडमध्ये द्या, जुन्या फॉन्टातून इकडून तिकडं फिरवला की रफार उडतात. तेलुगू आणि कन्नडचा प्रूफ ती भाषा वाचणाऱ्या माणसाकडून सही करून आणा, आम्हाला तिथं काय उलटं झालं ते कळणार नाही.

ताई_पूर्वभाग:
तेलुगूला आमच्याच शाळेतल्या बाई आहेत. कन्नडसाठी अक्कलकोटकडचं कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पहिला खर्डा कुंचलाच्या कच्च्या चित्रांसकट फाईलमध्ये टाकलाय, वाचा. माळावरच्या सहलीत डब्यात कडक भाकरी नि शेंगाचटणी आहे, आता तरी गप्प बसा.

कडकभाकरी:
डोळे पाणावले.

माळरान:
वाचलं. दोनच गोष्टी. पान ९ वर तो झाडावर बसलाय, माळढोक झाडावर बसत नाही. आणि गवत एवढं हिरवं असेल तर सहल पावसाळ्यातली, मग काळविटांचा कळप ठेवा पण मागं दिसणारं ज्वारीचं कणीस काढा, ती रब्बीची.

लाईनवरचा_माणूस:
नवीन आयडी आहे, भाकरीनं लिंक पाठवली म्हणून आलो. मी वीज खात्यात लाईनवर काम करतो. पान १९ वर वायरमन शिडी लावून चालू लाईनीवर चढलाय आणि डोक्यावर गांधी टोपी. असं करत नाही ओ. आधी परमिट घेतो, लाईन बंद करतो, तपासतो, अर्थिंग करतो, मग चढतो. हातमोजे, सेफ्टी बेल्ट, हेल्मेट पाहिजे. परमिटचा कागद दाखवला तर पोरांना पण कळेल की काकासुद्धा विचारल्याशिवाय चढत नाहीत.

ताई_पूर्वभाग:
हे फार चांगलं सांगितलंत भाऊ. लाईन बंद होते म्हणजे गावात पंखे बंद, त्यावर एक ओळ टाकते. आजी म्हणते कुठल्या पक्ष्यासाठी आमची लाईट घालवली.

कुंचला:
पान १९ परत काढते. हेल्मेट कुठल्या रंगाचं असतं?

लाईनवरचा_माणूस:
आमच्याकडं पिवळं. पट्टा हनुवटीखाली बांधलेला काढा.